कार्यक्रम नीट चाललाय आणि कार्यक्रमामुळे फरक पडलाय: हे दोन वेगळे दावे आहेत

सामाजिक संस्थांच्या वार्षिक अहवालांत एका प्रकारचं वाक्य हमखास असतं: इतक्या महिलांना प्रशिक्षण दिलं आणि त्यातल्या इतक्या टक्के महिलांचं उत्पन्न वाढलं. पहिला भाग संस्थेनं काय केलं ते सांगतो, दुसरा लोकांच्या आयुष्यात काय घडलं ते. दोन्ही एका दमात वाचले की वाचणारा मनातल्या मनात तिसरी गोष्ट जोडून टाकतो: प्रशिक्षणामुळेच उत्पन्न वाढलं. ही तिसरी गोष्ट अहवालात कुठंही सिद्ध केलेली नसते.

गल्लत होते ती इथं. एक असते कामगिरीची आकडेवारी, फील्डवर जिला सगळे मॉनिटरिंग डेटा म्हणतात. ठरवलं तसं काम होतंय का, कोणापर्यंत पोहोचतंय, कुठं अडतंय, हे ती सांगते. दुसरा असतो परिणामाचा पुरावा, म्हणजे इम्पॅक्ट. त्याचा प्रश्न एकच: आपण नसतो तर काय झालं असतं? दोन्ही गोष्टी एकाच एक्सेल शीटमध्ये नांदतात, म्हणून सारख्या वाटतात. पण त्या मिळवण्याची रीत वेगळी, खर्च वेगळा आणि उपयोगही वेगळा. माझं मत असं की बहुतेक संस्थांनी आपली ताकद पहिलीवर लावावी आणि दुसऱ्याबद्दल जेवढं खरोखर माहीत आहे तेवढंच बोलावं.

तीव्र कुपोषित मुलांवर उपचार करणारं एखादं केंद्र घ्या. मूल आलं की कार्यकर्ती त्याच्या डाव्या दंडाभोवती रंगीत पट्टी गुंडाळते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित. मग दर भेटीला उपचारी आहाराची पाकिटं, वजन, पुन्हा पट्टी आणि कार्डावर नोंद. घेर १२.५ च्या वर जाऊन टिकला की मुलाला कार्यक्रमातून सुट्टी. अशा केंद्रांसाठी स्फिअर ही आंतरराष्ट्रीय मानकं आहेत. कार्यक्रमातून बाहेर पडणाऱ्या मुलांपैकी ७५ टक्क्यांहून जास्त बरी व्हावीत, मृत्यू १० टक्क्यांच्या आत असावेत आणि उपचार अर्धवट सोडणारी मुलं १५ टक्क्यांच्या आत.

समजा, एका केंद्रात उपचार सोडणाऱ्यांचं प्रमाण दोन महिन्यांत ९ टक्क्यांवरून २२ वर गेलं. कार्यकर्ती यादी घेऊन त्या घरी जाते. कळतं की पेरणी सुरू झाली आहे आणि सकाळी दहाला केंद्रावर यायचं म्हणजे आईचा दिवसाचा रोज बुडतो. वाटप संध्याकाळी ठेवलं जातं. पुढच्या महिन्यात गळती थांबली की नाही, ते त्याच नोंदींवरून दिसतं. ही झाली कामगिरीची उपयोगी आकडेवारी. ती वेळेवर आली, निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसाच्या हातात पडली आणि तिच्यामुळे काहीतरी बदललं. यात कुठलाही तुलना गट, म्हणजे कार्यक्रम न मिळालेल्या तशाच माणसांचा गट, नव्हता आणि त्याची गरजही नव्हती.

याच उदाहरणात एक सापळाही आहे. ७५ टक्के कशाचे? बाहेर पडलेल्या मुलांचे. जी मुलं केंद्राची पायरीच चढली नाहीत, ती या हिशोबात कुठंच नाहीत. एखादं केंद्र दहातली नऊ मुलं बरी करत असेल आणि परिसरातल्या दहा कुपोषित मुलांपैकी दोनच तिथं पोहोचत असतील, तर अहवाल उत्तम आणि परिस्थिती गंभीर, दोन्ही एकाच वेळी खरं. म्हणूनच ही मानकं व्याप्तीसुद्धा मागतात, म्हणजे परिसरातल्या गरजू मुलांपैकी किती उपचारापर्यंत पोहोचली: ग्रामीण भागात ५० टक्क्यांहून अधिक, शहरात ७०, छावणीत ९०. हा आकडा केंद्रात बसून मिळत नाही, घरोघरी हिंडावं लागतं. बहुधा त्यामुळेच तो सगळ्यांत आधी गाळला जातो. कुठलीही टक्केवारी वाचताना खालचा आकडा (छेद) कोणता, म्हणजे ती एकूण कितींपैकी काढली, हे विचारायची सवय लावली तर निम्मी दिशाभूल टळते.

आता परिणामाकडे वळू. प्रशिक्षण घेतलेल्या महिलांचं उत्पन्न वर्षभरात वाढलं, बेसलाइन आणि एंडलाइन, म्हणजे सुरुवातीची आणि शेवटची मोजणी, दोन्ही हाताशी आहेत. तरीही ही वाढ प्रशिक्षणाचीच, असं म्हणता येत नाही. त्या वर्षी पीकपाणी चांगलं झालं असेल, म्हणजे सगळ्यांचंच उत्पन्न वाढलं. प्रशिक्षणाला स्वतःहून आलेल्या महिला मुळातच धडपड्या असतील. मध्येच सोडून गेलेल्या महिला एंडलाइनला सापडल्याच नसतील आणि उरल्या त्या यशस्वी.

चौथं कारण फारसं कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून त्यावर थोडं थांबतो. आपण कार्यक्रमात माणसं घेतो ती त्यांच्या सर्वांत वाईट काळात. सर्वांत कमी कमाईच्या महिन्यातली कुटुंबं, सर्वांत कमी गुण मिळालेली मुलं. वाईट काळातला काही भाग कायमचा असतो, काही निव्वळ त्या वेळचा. मूल परीक्षेच्या दिवशी तापानं फणफणलेलं असेल, घरातलं कमावतं माणूस महिनाभर आजारी असेल. पुढच्या मोजणीपर्यंत हा तात्पुरता भाग आपोआप ओसरतो आणि आकडे सुधारतात. कुणी काहीही केलं नसतं तरी सुधारले असते. ज्या कार्यक्रमांत निवडच ‘सर्वांत मागे असलेले’ अशी होते, तिथं ही फसगत सर्वांत मोठी असते, आणि आपलं बहुतेक काम तर तिथंच चालतं.

म्हणून परिणाम सिद्ध करायचा तर तुलना लागते: तशीच माणसं, तोच काळ, फक्त कार्यक्रम नाही. सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे कार्यक्रम कोणाला आधी मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवणं. विकासाच्या प्रश्नांत ही पद्धत रुजवल्याबद्दल अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण तिला वेळ, पैसा आणि मोठी संख्या लागते. तीस जणांच्या दोन गटांत फरक दिसला, तर तो बरेचदा योगायोगही असू शकतो.

कामगिरी आणि परिणाम या दोन गोष्टी एकमेकींपासून किती दूर जाऊ शकतात, हे बांगलादेशातल्या ‘नो लीन सीझन’ कार्यक्रमात दिसलं. देशाच्या उत्तरेला रंगपूर भागात पेरणी आणि कापणी यांच्या मधले महिने उपासमारीचे, त्यांना तिथं ‘मोंगा’ म्हणतात. २००८ मध्ये संशोधकांनी काही गावांतल्या कुटुंबांना शहरात कामाला जाण्यासाठी बसभाड्याएवढी छोटी रक्कम दिली, अट एवढीच की जायचं. तुलनेच्या गावांपेक्षा स्थलांतर २२ टक्के-बिंदूंनी (म्हणजे शंभरातल्या आणखी २२ कुटुंबांत) वाढलं, घरी राहिलेल्यांच्या ताटातही फरक पडला. एव्हिडन्स ॲक्शन या संस्थेनं ही कल्पना हाती घेतली आणि कर्जाच्या रूपात हजारो कुटुंबांपर्यंत नेली. २०१७ मध्ये मोठ्या प्रमाणावर पुन्हा तुलना करून पाहिलं. कर्जवाटप झालं होतं, कर्ज घेतलेले लोक शहरात गेलेही होते. पण कर्ज न मिळालेल्या गावांच्या तुलनेत स्थलांतर वाढलेलं नव्हतं.

संशोधकांनी नंतर दिलेलं स्पष्टीकरण प्रत्येक कार्यक्रम-समन्वयकानं लक्षात ठेवावं असं आहे. कर्मचाऱ्यांनी कर्ज दिलं ते बहुतांशी असेही जाणाऱ्यांना. ते स्वाभाविकच होतं, कारण असा माणूस हो म्हणतो, जातो आणि कर्ज फेडतो. म्हणजे मॉनिटरिंगच्या प्रत्येक रकान्यात तो यशस्वी. ज्याच्यासाठी कार्यक्रम आखला होता, तो भीतीपोटी गाव न सोडणारा माणूस मात्र रकाने बिघडवणारा ठरतो. संस्थेनं निष्कर्ष उघडपणे मांडले आणि २०१९ मध्ये कार्यक्रम बंद केला. मला या निर्णयाबद्दल मनापासून आदर आहे. निधी मिळत असताना स्वतःचं गाजलेलं काम थांबवायला मोठं धैर्य लागतं.

मग प्रत्येक संस्थेनं असा अभ्यास करावा का? नाही. गोवराची लस काम करते, हे पुन्हा सिद्ध करायची कुणालाही गरज नाही. लस थंड साखळीत राहिली, म्हणजे टोचेपर्यंत सतत थंड ठेवली गेली, योग्य वयात टोचली गेली आणि शेवटच्या वस्तीपर्यंत पोहोचली, एवढं दाखवलं की पुरे. कुपोषण केंद्राचंही तसंच: उपचार इतरत्र तपासून झालेला आहे, त्यामुळे बरी झालेली मुलं आणि व्याप्ती यांचे चोख आकडे हाच पुरेसा आधार. उपाय नवा असेल, किंवा जुना उपाय नव्या माणसांच्या हाती आणि नव्या परिस्थितीत जात असेल, तेव्हा तुलनेचा खर्च सार्थकी लागतो. आणि त्याआधी कार्यक्रम स्थिरावलेला हवा. दर तीन महिन्यांनी बदलणाऱ्या कार्यक्रमाचा परिणाम मोजणं म्हणजे नेमकं काय मोजलं, हेच नंतर सांगता येत नाही.

शिवाय कामगिरीचे आकडे नसतील, तर परिणामाचा अभ्यासही मुका राहतो. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेनं प्रशिक्षण दिलेल्या स्वयंसेवकांनी वाचनवर्ग चालवले. अभ्यासात दिसलं की सुरुवातीला काहीच वाचता न येणारं मूल वर्गाला आलं, तर त्याला अक्षरं ओळखता येण्याची शक्यता तुलनेच्या गावातल्या तशाच मुलापेक्षा ६० टक्के-बिंदूंनी जास्त होती. थक्क करणारा परिणाम. पण त्या गावांतली जेमतेम ८ टक्के मुलं वर्गाला आली होती. हजेरीचा आकडा नसता, तर गावाची सरासरी पाहून कुणीही म्हणालं असतं की पद्धतीतच फारसा दम नाही. प्रत्यक्षात शिकवण्याची पद्धत उत्तम होती, अडचण मुलं वर्गापर्यंत येण्याची होती. या दोन अडचणींवरचे उपाय पूर्ण वेगळे आहेत.

आपल्याकडे नेमकं काय गोळा करावं, याची माझी कसोटी साधी आहे. फॉर्ममधल्या प्रत्येक प्रश्नासमोर लिहा: हे उत्तर कोण, कधी पाहणार आणि ते वाईट आलं तर काय बदलणार. जिथं काही लिहिता येत नाही, तो प्रश्न काढून टाका. ‘देणगीदारानं मागितलंय’ एवढंच कारण उरत असेल, तर देणगीदाराशी बोला. ते पुष्कळदा ऐकतात. चाळीस प्रश्नांचा फॉर्म उन्हात उभं राहून भरणारी कार्यकर्ती विसाव्या प्रश्नापासून अंदाजे लिहू लागते, आणि त्या अंदाजांची टक्केवारी पुढं दोन दशांश स्थळांपर्यंत छापली जाते. तिनं भरलेल्या आकड्यांचं पुढं काय झालं हे तिला महिन्याच्या बैठकीत सांगितलं, तर नोंदींचा दर्जा कुठल्याही नव्या ॲपपेक्षा जास्त सुधारतो.

अहवाल लिहिताना दोन दावे वेगळ्या वाक्यांत ठेवावेत. ‘४०० महिलांनी प्रशिक्षण पूर्ण केलं, १२० जणींनी मध्येच सोडलं. पूर्ण करणाऱ्यांपैकी वर्षभरानंतर भेटलेल्या ३१० जणींत निम्म्याहून अधिक जणींचं उत्पन्न वाढलेलं आढळलं. ही वाढ किती प्रमाणात प्रशिक्षणामुळे झाली, हे आम्ही तपासलेलं नाही.’ शेवटचं वाक्य लिहिताना हात अडखळतो, हे खरं. निधी जाईल अशी भीती वाटते. पण ज्या देणगीदाराला कामाची समज आहे, तो हे वाक्य वाचून सोडून गेलेल्या त्या १२० जणींबद्दल विचारेल, आणि तिथून पुढची चर्चा कार्यक्रम सुधारण्याची होईल.