गुराबेचा नकाशा मिळत नाही, तेव्हा

दिवाळीत पुण्यातल्या सोसायट्यांमधून मातीचे किल्ले उभे राहतात. त्यात एखादा तरी जलदुर्ग असतोच, आणि त्याच्याभोवती निळ्या पाण्यात कागदाच्या होड्या. त्या पाहून एखाद्याला वाटलं, की आता जहाज लाकडाचं आणि नीट मापात करावं, तर लाकूड, हत्यारं, गोंद सगळं इथेच मिळतं. कानशी आणि बारीक ड्रिल बोहरी आळीत, लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये. अडतं ते नकाशापाशी. इटली-स्पेनहून येणारे तयार संच इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश जहाजांचे. मराठा आरमारातली लढाऊ जहाजं, म्हणजे आपली गुराब, आपलं गलबत, त्यांत सहसा दिसत नाहीत. याचं कारण या कलेच्या इतिहासातच आहे.

लाकडी नौकांच्या प्रतिकृती तशा फार जुन्या. इजिप्तमधल्या मेकेत्रे नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या, वल्हेकऱ्यांसकट नौका १९२० मध्ये सापडल्या. पण त्या परलोकीच्या प्रवासासाठी होत्या. मापाबरहुकूम प्रतिकृती सतराव्या शतकात इंग्लंडच्या आरमारी गोद्यांमधून पुढे आल्या. प्रमाण बहुधा १:४८, म्हणजे खऱ्या जहाजाच्या एका फुटाला पाव इंच. खालच्या अंगाला फळ्या मारायच्या नाहीत, बरगड्या उघड्या ठेवायच्या, ही त्यांची ओळख. ग्रिनिचच्या संग्रहालयात त्या आजही आहेत. आरमाराने प्रतिकृतींसोबत जहाजांचे आराखडेही जपले, आणि आजचे संच त्याच कागदांवर उभे आहेत. पुढे नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडच्या नॉर्मन क्रॉससारख्या छावण्यांमधल्या फ्रेंच कैद्यांनी जेवणातल्या हाडांपासून जहाजं कोरून विकली. ती देखणी असतात, पण मापाच्या बाबतीत त्यांच्यावर विसंबता येत नाही.

आपल्याकडे कागदच झाला नाही. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी तिथे जहाजबांधणी सुरू केली. कोकणातला सुतार आराखड्यावरून नव्हे, तर नजरेने आणि हातातल्या मापाने जहाज बांधायचा. बापाचं पाहून मुलगा शिकायचा. ज्ञान पक्कं होतं, ते हातात होतं. कागद नव्हते, आणि जहाजांचं काय झालं, हे पुणेकराने तरी विसरू नये. तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर इंग्रजांचा एक गोळा आंग्र्यांच्या जहाजावर पडला, आग पसरली आणि एकमेकांना बांधून ठेवलेलं सगळं आरमार जळालं. त्यामुळे आज गुराब करणाऱ्याला परक्यांनी काढलेली चित्रं आणि प्रवाशांची वर्णनं जुळवत बसावं लागतं. ते काम मोलाचं आहे, पण पहिल्या जहाजासाठी मी ते कुणाला सुचवणार नाही.

पहिलं जहाज मुंबईचं घ्यावं. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने पुढची शंभरावर वर्षं तिथे जहाजं बांधली. त्यांतलं ‘ट्रिंकोमाली’ १८१७ मध्ये पाण्यात उतरलं. मलबारच्या सागाचं हे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतं आहे. त्याचे आराखडे घेऊन निघालेलं ‘जावा’ जहाज १८१२ मध्ये लढाईत नष्ट झालं, म्हणून नकला पुन्हा पाठवाव्या लागल्या. कागदाची किंमत यावरून कळते. ‘ट्रिंकोमाली’ची तोफांच्या मजल्यावरची लांबी दीडशे फूट. १:९६ या प्रमाणात ती सुमारे ४८ सेंटीमीटर होते, साध्या टेबलावर मावते.

मूळ जहाज सागाचं असलं, तरी प्रतिकृतीला साग घेऊ नये. त्याची छिद्रं इतकी मोठी, की या प्रमाणात ती बोटाएवढी दिसतात. हळदूसारखं घट्ट पोताचं लाकूड बरं. कण्यावर आडव्या चौकटी उभ्या करायच्या, त्यांच्या कडा कानशीने तिरप्या करायच्या आणि मग पट्ट्या चढवायच्या. खरी परीक्षा इथे असते. जहाजाचा घेर मध्यावर मोठा आणि नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, लहान, त्यामुळे सरळ पट्टी तिथे बसतच नाही. अंगरख्याच्या कळीसारखी ती टोकाकडे निमुळती कापावी लागते. प्रत्येक चौकटीवर कागदाची पट्टी गुंडाळून घेर मोजायचा, पट्ट्यांच्या संख्येने भागायचा आणि तेवढीच रुंदी रंध्याने ठेवायची. टोकाची रुंदी निम्म्याखाली गेली तर खिळ्याला जागा राहत नाही. अशा वेळी दोन पट्ट्यांची मिळून एक करायची. मग पट्टी कोमट पाण्यात भिजवून, गरम नळीवर हळूहळू वाकवून, चापात रात्रभर ठेवायची.

पुण्याची हवा यात मोठी कामगिरी बजावते. मी एक तळ ऑगस्टमध्ये पट्ट्या चढवून पूर्ण केला, एकही फट नव्हती. एप्रिलच्या कोरड्या उन्हात लाकूड आकसलं आणि नाळेपाशी नखाएवढ्या सात भेगा उघडल्या. त्याच लाकडाच्या कातरणी सरस लावून भरल्या, पण रंगात फरक दिसतोच. आता पट्ट्या मार्चपर्यंत माळ्यावर पडून असतात आणि मी चौकटी घासत बसतो.