पिकअप व वायरिंग, विद्युत गिटारचे

पोलादी तारेचे कंपन विजेच्या क्षीण संकेतात बदलून ते अँप्लिफायरपर्यंत नेणारी गिटारमधील जोडणी. पिकअप, पॉट (आवाज व टोन कमी-जास्त करणारी फिरती कळ), कपॅसिटर, स्विच आणि जॅक (केबल खोचायचे भोक) एवढाच हा संसार. पण आवाज गोड लागेल की कर्कश, हे वाद्याच्या रंगरूपापेक्षा यावरच अधिक ठरते. ग्रामीण विदर्भात त्यात सहावी गोष्ट धरावी लागते : मंडपातले अर्थिंग.

पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली इनॅमलच्या तांब्याच्या तारेची कॉइल. ही तार सुमारे ०.०६ मिमी. जाडीची, म्हणजे केसाइतकी किंवा त्याहून बारीक असते आणि एका सिंगल कॉइलमध्ये तिचे सात-आठ हजार वेढे बसतात. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि कॉइलमध्ये वीज उपजते. पिकअप लाकूड किंवा कातडे ऐकत नाही, लोखंड ऐकतो. त्यामुळे खंजिरीपुढे तो मुका; मात्र तुणतुण्याची तार पोलादी असेल तर तिच्याखाली धरल्यास बोलू लागेल. मिरवणुकीत वाजणारा बँजो, म्हणजे वीज जोडलेले बुलबुल तरंग, याच तत्त्वावर चालतो. गिटार हातात न धरलेल्या गावालाही पिकअपचा आवाज अनोळखी नाही, तो यामुळेच.

गिटारच्या मानेजवळचा पिकअप भरीव, गोल आवाज देतो आणि ब्रिजजवळचा, म्हणजे तारा खालच्या टोकाला जिथे टेकतात तिथला, धारदार. तार ब्रिजपाशी कमी झुलते, त्यामुळे तिथे मूळ स्वराचा अंश घटतो आणि वरच्या स्वरांशांचे प्रमाण वाढते. पिकअप तारेच्या जितका जवळ, तितका आवाज मोठा. पण फार जवळ नेल्यास चुंबक तारेलाच ओढतो आणि जाड तारा बेसूर लागतात. नवा पिकअप विकत घेण्याआधी स्क्रू-ड्रायव्हरने उंची कमी-जास्त करून पाहावी. याला खर्च शून्य आहे, म्हणूनच बहुधा कोणी करत नाही.

सिंगल कॉइल तारेबरोबर भोवतालच्या विजेचीही घरघर पकडते. भारतात ती ५० हर्ट्झ व तिच्या पटींत, विशेषतः १०० हर्ट्झला ऐकू येते. गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झची, म्हणजे नेमकी या दोहोंच्या मध्ये. मिक्सरवर बास कापून घरघर घालवू गेले की गिटारचा जीवही जातो. यावर गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी दोन कॉइलचा उपाय काढला आणि १९५५मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. दोन्ही कॉइलचे वेढे व चुंबकध्रुव परस्परांविरुद्ध असतात. त्यामुळे तारेचा संकेत जुळून वाढतो आणि बाहेरून आलेली घरघर एकमेकींना खाते. हाच हंबकर. त्याचा आवाज जाडसर, तर सिंगल कॉइलचा टणत्कार मोकळा. आवड ज्याची त्याची.

पॉट बदलताना सर्वाधिक चुका होतात. सिंगल कॉइलला सहसा २५० के, हंबकरला ५०० के ओमचा पॉट लावतात (के म्हणजे हजार). तालुक्याच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात हाताशी असलेला ४७ के किंवा १०० के बसवला की गिटार घोंगडीखालून वाजल्यासारखी होते, आणि दोष मात्र पिकअपला मिळतो. टोनच्या कपॅसिटरवर २२३ (०.०२२ मायक्रोफॅरड) किंवा ४७३ (०.०४७) असा आकडा पाहून घ्यावा. पंख्याचा २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर त्याच्या पन्नास ते शंभराहून अधिक पट मोठा. तो इथे कामाचा नाही. लांब, स्वस्त केबलही कपॅसिटरसारखीच वागते व आवाजाची चमक खाते.

पिकअप गेला की काय, हे मल्टिमीटर सांगतो : सिंगल कॉइल साधारण ५ ते ८ के ओम दाखवते, तुटलेली काहीच दाखवत नाही. पंपाच्या मोटारी रिवाइंड करणारा कारागीर विदर्भात तालुक्या-तालुक्याला आहे आणि कॉइल ओपन की शॉर्ट हे त्याला शिकवावे लागत नाही. फक्त त्याची तार पिकअपच्या तारेपेक्षा कितीतरी जाड असते. टोकाशी तुटलेला धागा तो डाग देऊन जोडून देईल; सगळे वेढे नव्याने घालणे हे वेगळे काम.

गिटारच्या तारा ब्रिजमार्गे अर्थला जोडलेल्या असतात. म्हणून तारेला हात लावताच घरघर कमी होते. तसे झाले की पुष्कळ वादक निश्चिंत होतात, पण शरीर आता परिपथाचा भाग झालेले असते. मंडपातली लाईन आकड्यावरची, प्लगची तिसरी पिन मोडलेली आणि न्यूट्रललाच अर्थ मानून जोडलेले असेल, तर न्यूट्रल तुटताक्षणी अँपची पेटी व गिटारच्या तारा दोन्हींत वीज खेळू लागते. गाता गाता ओठ माइकला लागले तर झटका जीवघेणा ठरू शकतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बोर्डात असणे हा टोनचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

अर्थिंगचा खड्डाही ऋतू पाळतो. काळी माती पावसाळ्यात फुगून रॉडला घट्ट धरते; उन्हाळ्यात तीच भेगाळून रॉडपासून सुटते आणि विरोध वाढतो. एप्रिलमधल्या जयंतीच्या किंवा मे महिन्यातल्या लग्नाच्या कार्यक्रमात घरघर अधिक जाणवली, तर त्यामागे हेही कारण असू शकते. मीठ-कोळशाने भरलेल्या खड्ड्यात कार्यक्रमाच्या दिवशी दुपारीच दोन-तीन बादल्या पाणी ओतून ठेवतात.