टीएसएच वाढला म्हणजे थायरॉइड वाढला का?

"माझा थायरॉइड वाढलाय" हे वाक्य आपल्याकडे लोकलच्या डब्यापासून हळदीकुंकवापर्यंत कुठेही कानावर पडतं. म्हणणारीला बहुतेक वेळा एवढंच सांगायचं असतं की रक्ताच्या रिपोर्टात टीएसएचचा, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणाऱ्या संप्रेरकाचा, आकडा जास्त आलाय. म्हणजे खरं तर तिचा थायरॉइड कमी पडतोय. शब्द उलटा, अर्थ सुलटा. नुसत्या बोलण्यापुरतं असतं तर चाललं असतं, पण या एका शब्दापायी माणसं गोळीत चूक करतात. माझ्या आईने केली.

गेल्या वर्षी एप्रिलअखेर तिचा टीएसएच ११.८ आला. आकडा ठळक छापलेला, शेजारी वर जाणारा बाण. डॉक्टरांची वेळ मिळायला अवकाश होता. तिने साधा हिशोब केला : वाढलाय ना, मग गोळी कमी करायला हवी. थायरॉइडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी ती रोज सकाळी नखाने मोडून अर्धी घ्यायला लागली. तीन आठवड्यांनी मी घरी गेले तेव्हा भर मे महिन्यात तिच्या अंगावर शाल होती आणि ती मला पंखा बंद करायला सांगत होती. आवाज घोगरा, डोळ्यांखाली सूज. "अगं, वयच झालं आता," म्हणाली. वयाचा काही संबंध नव्हता.

टीएसएच थायरॉइडमध्ये तयारच होत नाही. तो येतो मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीतून. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी बनवते ते मुख्यतः टी-फोर, म्हणजेच थायरॉक्सिन (गोळीत असतं तेही हेच), आणि थोडा टी-थ्री. रिपोर्टवर ही नावं एकाखाली एक छापलेली असतात, म्हणून एकाच घरची वाटतात. पण टीएसएच ही हाक आहे आणि टी-फोर ही त्या हाकेला दिलेली ओ. स्वयंपाकघरातून आई हाक मारते, पोराने ओ दिली नाही की तिचा आवाज चढतो. ग्रंथी थकली, टी-फोर कमी पडला की पिट्युटरीचा आवाज असाच चढतो, म्हणजे टीएसएच वर जातो. टी-फोर गरजेपेक्षा जास्त झाला की ती गप्प बसते आणि टीएसएच तळाला जातो. म्हणून गोळी चालू असताना टीएसएच वर गेला, तर गोळी अंगी पुरेशी लागत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ.

हा चढता आवाज सरळ प्रमाणात चढत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. टी-फोर जरासा घसरला तरी टीएसएच कित्येक पटींनी उसळतो. त्यामुळे ज्याचा टीएसएच १२ आहे तो ४ वाल्यापेक्षा तिप्पट आजारी, असं गणित मांडता येत नाही. पण याच स्वभावामुळे बिघाड सगळ्यात आधी टीएसएचमध्ये दिसतो, आणि म्हणून डॉक्टर पहिल्यांदा तोच मागतात.

दोघांचा वेगही वेगळा. माझ्या मते सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. रक्तातला टी-फोर साधारण ७ दिवसांत निम्मा होतो, त्यामुळे तो गेल्या काही दिवसांची हकिगत सांगतो. टीएसएचला नव्या डोसशी जुळवून घ्यायला ६ ते ८ आठवडे लागतात. मधुमेह असलेल्यांना हे लगेच कळेल : टी-फोर म्हणजे आजची साखर, तर टीएसएच म्हणजे तीन महिन्यांची साखर, तसं काहीसं. डोस बदलल्यावर पंधरा दिवसांत पुन्हा टीएसएच करणं म्हणजे भात अर्धा शिजलेला असताना झाकण काढून बघणं. हाती काही लागत नाही, पैसे तेवढे जातात.

माझ्या मावशीच्या रिपोर्टवर हे फार स्पष्ट दिसलं. टीएसएच १४, आणि फ्री टी-फोर (रक्तात मोकळा फिरणारा टी-फोर) मात्र नॉर्मलच्या अगदी वरच्या कडेला. हाक मोठी आणि ओही मोठी, हे कसं? डॉक्टरांनी एकच विचारलं, "मधे गोळ्या चुकल्या होत्या का?" चुकल्या होत्या. लेकीच्या बाळंतपणासाठी ती दोन महिने नागपूरला होती. तिथे एक दिवस गोळी घेतली, तीन दिवस राहिली, असं चाललं होतं. परत आल्यावर रिपोर्ट चांगला यावा म्हणून आठवडाभर रोज दोन गोळ्या घेतल्या. टी-फोर लगेच वर आला, टीएसएचला मात्र मधले दोन महिने आठवत होते. कुणी नुसता टीएसएच बघून डोस वाढवला असता तर पुढे छातीत धडधड, झोप उडणं हे ठरलेलंच होतं. असा जादा डोस बरीच वर्षं चालला तर हृदयाची लय बिघडते, पाळी गेलेल्या बायकांची हाडं ठिसूळ होतात. लपवाछपवीने नुकसान आपलंच होतं, म्हणून गोळ्या राहिल्या असतील तर डॉक्टरांना सरळ सांगावं. ते रागावतील, पण निदान चुकीचा डोस तरी लिहून देणार नाहीत.

टीएसएच थोडा वर, म्हणजे १० च्या आत, आणि टी-फोर नॉर्मल, अशीही एक जोडी येते. इथे लगेच जन्मभराची गोळी सुरू करायची घाई नसते. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं की पुष्कळांचा टीएसएच आपोआप खाली आलेला असतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ६५ च्या पुढच्या अशा लोकांना गोळी देऊन पाहिली, तर त्यांच्या थकव्यात फरक पडला नाही. गर्भारपणाचं मात्र वेगळं आहे. तिथे थांबायचं नाही. आधीपासून गोळी चालू असेल तर दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांना फोन करायचा, कारण डोस बहुधा वाढवावा लागतो.

आणि क्वचित हाक मारणाराच आजारी असतो. बाळंतपणात फार रक्तस्राव होऊन पिट्युटरीला इजा झाली तर टी-फोर कमी असूनही टीएसएच नॉर्मल दिसतो. अंगावर दूध आलं नाही, पाळी परत सुरू झाली नाही, थकवा जात नाही, आणि रिपोर्ट म्हणतो सगळं ठीक. अशा बाईचा फ्री टी-फोर बघितल्याशिवाय तिला घरी पाठवू नये. तिचा डोसही टीएसएचवर ठरवत नाहीत.

रक्त देताना दोन गोष्टी सांभाळा. सकाळी, त्या दिवसाची गोळी घेण्याआधी द्या, कारण गोळीनंतर काही तास टी-फोर चढलेला असतो. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर निदान दोन दिवस आधी बंद करा. कमी थायरॉइडने केस गळतात, म्हणून या गोळ्या पुष्कळजणी घेतात. पण काही लॅबच्या तपासणी पद्धतीत त्यांच्यामुळे टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर खोटा जास्त दिसतो. मग डोस जास्त झालाय असं वाटून चांगली चाललेली गोळी कमी केली जाते.

आईकडे परत येते. तिने गोळी अर्धी केली ती चूक खरीच, पण मुळात ७५ ची पूर्ण गोळी रोज घेत असताना टीएसएच ११.८ पर्यंत गेलाच कसा? डॉक्टरांनी डोस वाढवण्याआधी तिला सकाळ कशी जाते ते विचारलं. ती म्हणाली, "उठले की चहा ठेवते, आणि चहाबरोबर सगळ्या गोळ्या एकदमच घेऊन टाकते." त्या सगळ्यांत गुडघ्यांसाठी चार महिन्यांपूर्वी सुरू झालेली कॅल्शियमची गोळी होती. कॅल्शियम आणि लोह थायरॉक्सिनला पोटातच धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. चहा-कॉफीनेही ते कमी शोषलं जातं. कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या आणि थायरॉइडची गोळी यांत चार तासांचं अंतर हवं, आणि थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर.

आता बाटली तिच्या उशाशी असते, शेजारी तांब्या-भांडं. पहाटे जाग आली की गोळी घेते, देवपूजा उरकते, तासाभराने चहा. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर. आठ आठवड्यांनी टीएसएच ३.१ आला. गोळी तीच, ७५ ची, अख्खी.