टी ट्री तेल आणि यीस्टचा संसर्ग : पार्श्वभूमी

योनीमार्गातील यीस्टच्या संसर्गावरचा नैसर्गिक उपाय म्हणून टी ट्री तेलाचे नाव आज वारंवार घेतले जाते. मात्र या तेलाची ख्याती मुळात जखमांवरच्या उपचारातून आलेली आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सच्या ईशान्य भागात, दलदलीच्या जमिनीत वाढणाऱ्या मेलाल्युका अल्टरनिफोलिया या झाडाची पाने ठेचून तेथील बुंजलुंग आदिवासी ती त्वचेच्या विकारांवर लावत असत. नावात ‘टी’ असली तरी चहाच्या झाडाशी त्याचे काहीही नाते नाही.

१९२० च्या दशकात सिडनीच्या तंत्रविषयक संग्रहालयातील रसायनशास्त्रज्ञ आर्थर पेनफोल्ड यांनी हे तेल त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या कार्बोलिक आम्लापेक्षा कितीतरी पटींनी प्रभावी जंतुनाशक असल्याचे दाखवले आणि ते दवाखान्यांत पोहोचले. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रतिजैविके आली, तसे ते मागे पडले. बुरशीच्या बाबतीतही तेच घडले: एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोघी संशोधिकांनी १९५० मध्ये निस्टॅटिन हे बुरशीनाशक औषध जगासमोर आणले, पुढे क्लोट्रिमॅझोलसारखी औषधे मिळू लागली आणि यीस्टचा संसर्ग घडवणाऱ्या कॅन्डिडा या बुरशीवर खात्रीचा इलाज हाती आला.

स्त्रियांच्या विकारांशी या तेलाचा संबंध जोडताना ज्या अभ्यासाचा हवाला बहुधा दिला जातो, तो १९६२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याचा मुख्य विषय ट्रायकोमोनास या एकपेशीय परजीवीमुळे होणारा योनीदाह हा होता. इतर संसर्ग त्यात जोडीने आले होते. हा फरक सांगताना अनेकदा गाळला जातो, आणि माझ्या मते बराचसा गैरसमज येथूनच सुरू होतो.

१९७० च्या दशकात या झाडाची पद्धतशीर लागवड सुरू झाली, आणि १९९० च्या दशकापासून वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातील संशोधकांनी कॅन्डिडावर थेट काम केले. तेलातील टर्पिनेन-४-ऑल हा घटक बुरशीच्या पेशीचे आवरण सैल करतो आणि आतील द्रव्ये बाहेर झिरपू लागतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले. २००३ मध्ये इटलीतील संशोधकांना उंदरांमधील योनीसंसर्गातही हे तेल उपयोगी पडलेले आढळले. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या कॅन्डिडाचाही त्यात समावेश होता.

हे निष्कर्ष खरोखर आशादायक आहेत. परंतु काचेच्या बशीत बुरशी मरणे आणि नाजूक त्वचेला इजा न करता संसर्ग बरा होणे यांत मोठे अंतर आहे, आणि स्त्रियांवरील मोठ्या, नियंत्रित चाचण्यांनी ते अजून भरून काढलेले नाही. पातळ न केलेले तेल आग आणि दाह निर्माण करते, पोटात गेल्यास ते विषारी ठरते, आणि हवा व प्रकाश लागून जुने झालेल्या तेलाने ॲलर्जीची शक्यता वाढते. शिवाय खाज आणि स्राव ही लक्षणे ट्रायकोमोनास किंवा जिवाणूंच्या संसर्गातही दिसतात. त्यामुळे तपासणीपूर्वीच तेल लावून पाहिल्यास मूळ आजार ओळखण्यास उशीर होतो.