बिनबियांचं केळं नकली नसतं

‘केळ्यात बी नाही, म्हणजे ते इंजेक्शनने बनवलेलं’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. रावेर-यावलला ज्यांच्या घरच्या बागा आहेत, त्यांच्याही ग्रुपवर येतो. शंका रास्तच आहे. बी नसलेलं फळ कुणालाही खटकेल.

पेशी दोन तऱ्हांनी विभागतात. सूत्री विभाजनात गुणसूत्रांची, म्हणजे पेशीतल्या आनुवंशिक माहितीच्या धाग्यांची, नक्कल होऊन दोन सारख्या पेशी बनतात. झाड वाढतं ते यानेच. अर्धगुणसूत्री विभाजनात गुणसूत्रांच्या जोड्या लागून संख्या निम्मी होते, आणि त्यातूनच पुढे बी धरण्याची सोय होते. रानटी केळीत २२ गुणसूत्रं, म्हणजे ११ जोड्या. आपल्या बागेतल्या बहुतेक केळीत ११ चे तीन संच, एकूण ३३. तिघांची जोडी लावायची कशी? तिथेच गणित फसतं, बी धरत नाही. हे तीन संच जुन्या नैसर्गिक संकरातून आलेत. फळ परागीकरणाशिवायच भरतं. सूत्री विभाजन मात्र बिनघोर चालू असतं, म्हणून तर आपण कंद नाहीतर टिश्यूकल्चरचं (प्रयोगशाळेत ऊतीपासून वाढवलेलं) रोप लावतो. केळीचं बी पेरलेलं कुणी पाहिलंय?

खात्री करायची तर केळं आडवं कापा. मधोमध बारीक काळपट ठिपके दिसतील. ती न वाढलेली बीजांडं, म्हणजे ज्यांचं बी व्हायचं ते भाग. रानकेळीत त्याच जागी दाताखाली कडकन येणाऱ्या बिया असतात.