क्रेडिट कार्डाची थकबाकी अन् मदत मागायची कुठं? थोडी पार्श्वभूमी

खान्देशात उधारी नवीन नाही. कृषी केंद्रातून खत-बियाणं उचलायचं, कापूस नाहीतर केळी गेली की फेडायचं, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदार म्हणजे वर्षाचा गडी ठरला की त्याला उचल द्यायची, हे चालतच आलंय. जुन्या रिवाजात व्याजाला दामदुपटीची वेस होती, मुद्दलापेक्षा जास्त व्याज एकावेळी मागता येत नसे (सावकार किती पाळायचे ते सोडा). कार्डाला मात्र ही वेस लागली नाही. १९८४ मध्ये बँकिंग कायद्यात २१अ कलम घातलं गेलं, त्यानुसार नुसतं व्याज जास्त आहे म्हणून कोर्टाला बँकेचा कर्जव्यवहार पुन्हा उघडता येत नाही. तेव्हा कार्ड मोजक्या शहरी लोकांकडं होतं, त्यामुळं इकडं कोणाला फरक पडला नाही.

फरक पडला तो नंतर. समजा ५०,००० थकलेत अन् व्याज महिन्याला साडेतीन टक्के. मिनिमम ड्यू, म्हणजे दर महिन्याला भरायची किमान रक्कम, ५ टक्के धरला तर २,५०० भरायचे, त्यातले १,७५० व्याजात गेले, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३१५, मुद्दलातून कमी झाले जेमतेम ४३५. माणूस दर महिन्याला वेळेवर भरतोय अन् आकडा हलत नाही, मग तो दुसऱ्या कार्डावरून पहिलं भरतो, तिथून खरा घोळ सुरू.

आता जो वाद मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो. जुलै २००८ मध्ये राष्ट्रीय पातळीवरच्या ग्राहक आयोगानं सांगितलं की कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. त्यावेळी ३६ ते ४९ टक्के घेतलं जात होतं. बँका सुप्रीम कोर्टात गेल्या, २००९ ला स्थगिती मिळाली, अन् मग प्रकरण पडूनच राहिलं, पंधरा वर्षांच्यावर. या काळात किती जणांनी चढं व्याज भरलं असेल याचा हिशोब कोणी मागितला नाही. शेवटी २० डिसेंबर २०२४ ला सगळ्यात वरच्या कोर्टानं आयोगाचा निकालच रद्द केला, दर ठरवणं आयोगाचं काम नाही, ते रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत, अन् कार्डधारकाला अटींची माहिती दिलेली असते असा सूर. कायद्याच्या अंगानं बरोबर असेलही. पण मोबाईलच्या दुकानात ईएमआयसाठी उभ्या उभ्या सही करणाऱ्या पोराला कोणी अन् कधी समजावलं, हा प्रश्न राहतोच. अन् रिझर्व्ह बँकेनंही आकडा घातलेला नाही, दर अवाजवी नको एवढंच म्हटलंय.

मदतीची गोष्ट त्यामानानं छोटी. २००९ मध्ये कर्ज-समुपदेशन केंद्रांची योजना आली, २०१२ मध्ये ती बदलून आर्थिक साक्षरता केंद्रं झाली अन् भर खातं उघडणं, बचत, गावातली शिबिरं यावर गेला. त्यांचीही गरज होतीच, पण कार्डात अडकलेल्याच्या समोर बसून हिशोब मांडणारा माणूस त्यातून निसटला. ती जागा आता फोनवरचे ‘सेटलमेंट (कमी रकमेत तडजोड) करून देतो’वाले घेतायत, फी आधी.

नियम मात्र अलीकडं बरे झालेत. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी अन् संध्याकाळी ७ च्या नंतर करता येत नाहीत, हे २०२२ चं. बँकेनं ३० दिवसांत तक्रारीचं उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं फुकटात ऑनलाइन जाता येतं, २०२१ पासून सगळं एकाच योजनेत. बाकी शून्य असेल अन् बंद करायचा अर्ज दिला तर ७ कामाच्या दिवसांत कार्ड बंद, नाहीतर दिवसाला ५०० दंड बँकेला. तडजोडीसाठी बँकांनी धोरण ठेवायचं असं २०२३ मध्ये ठरलं, फक्त ‘सेटल्ड’ असा शेरा क्रेडिट रिपोर्टवर (कर्जफेडीच्या नोंदीवर) बसतो अन् पुढं घराचं कर्ज मागायला गेलं की तो नडतो, म्हणून जमत असेल तर सेटलमेंटच्या आधी थकबाकीचे हप्ते पाडून मागावेत.

अन् अगदीच हात टेकले तर? २०१६ च्या नव्या दिवाळखोरी कायद्यातला सामान्य माणसासाठीचा भाग अजून लागू केलेला नाही. त्यामुळं जळगाव, धुळे, नंदुरबारच्या माणसाला आजही १९२० चा प्रांतिक कायदाच आहे, ज्यात अर्जासाठी कर्ज किमान ५०० रुपये असावं लागतं.