चप्पल नेताय? मग पायाचंपण जरा बघा

नमस्कार मंडळी, पिशवीत हा कागद मुद्दाम टाकलाय, कारण टाच दुखतीय म्हणून मऊ चप्पल मागणारी गिऱ्हाईकं लई वाढलीत आणि काउंटरवर गर्दीत सगळं सांगायला जमत नाही.

पहिलं म्हणजे मऊ म्हणजे चांगली असं काय नसतंय. बोटांनी दाबली की आत जाणारी चप्पल दुकानात भारी वाटती, पण पायाला आधारच नसतोय. हातात धरून वाकवून बघा, बोटांजवळ वाकली तर ठीक, मधोमध घडी पडत असेल तर ठेवून द्या.

आता आमच्या मालाबद्दल खरं सांगतो. कोल्हापुरी सपाट असती, खाली गादी नसती. लग्नकार्य, देवदर्शन, महाद्वार रोडला चक्कर, बिनधास्त घाला. पण शिरोली एमआयडीसीत दिवसभर कोब्यावर उभं राहायचं असेल, नायतर रोज सकाळी रंकाळ्याला फेऱ्या मारायच्या असतील तर बूटच पाहिजेत, तिथं कोल्हापुरी घालून मग दुकानाला शिव्या देऊ नका. घरात फरशीवर तास-तास अनवाणी स्वयंपाक करणाऱ्या ताई-वहिनींनी घरातली वेगळी चप्पल ठेवा, टाचदुखीच्या निम्म्या तक्रारी तिथनंच येत असणार असं आमचं मत.

सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत कळ येती आणि थोडं चाललं की कमी होती, असं असेल तर बहुतेक वेळा तळव्याखालचा टाचेपासनं बोटांपर्यंत जाणारा जाड पट्टा दुखावलेला असतोय, तो रात्रभर आखडतोय आणि उभं राहिलं की एकदम ताणतोय. म्हणून खाटेवरनं उतरायच्या आधीच बोटं हातानं आपल्याकडं ओढून १० सेकंद धरा, असं दहादा. नंतर भिंतीला हात टेकून एक पाय मागं, टाच जमिनीला चिकटलेली, ३० सेकंद पोटरी ताणा. फुकटचं औषध हाय, पण रोज केलं तरच.

माप संध्याकाळी द्या, दिवसभरात पाय थोडा सुजतोय. दोन्ही पाय सारखे नसतात, मोठ्या पायाचं माप धरा. कोल्हापुरीचा पट्टा वापरून सैल होतोय पण तळ काय लांब होत नाही, त्यामुळं टाच बाहेर येत असेल तर "होईल सवयीनं" म्हणून घेऊ नका. नवी चप्पल पहिले काही दिवस घरातच तासभर घाला, पट्ट्याला आतनं थोडं खोबरेल लावा. पावसात नको, भिजलीच तर सावलीत वाळवा. तळ एका बाजूनं झिजला की पाऊल वाकडं पडतंय आणि गुडघापण बोलायला लागतोय, तेव्हा वेळेत बदला.

शुगर असणाऱ्यांनी मात्र उघडी चप्पल घेण्याआधी डॉक्टरना विचारा, अनवाणी चालूच नका आणि रोज रात्री तळवे बघा, कारण पाय बधिर असला की चावलेलं कळतच नाही. सूज, मुंग्या, पाय टेकवतच नसेल तर आमच्याकडं नको, थेट दवाखान्यात.

पट्टा चावत असेल तर चप्पल घेऊन या, बसल्या बसल्या सैल करून देतो, पैसे नाहीत.